मांजराच्या पोटातला केसांचा गोळा

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हा प्रसंग नवा नाही. पहाटेची वेळ असते. सारे घर झोपलेले असते. एकाएकी पलंगाखालून 'खॅक्, खॅक्' असा आवाज येऊ लागतो. दिवा लावून पाहावे, तो मनी पुढचे पाय रोवून, मान लांब करून, पोट आत-बाहेर ओढत बसलेली! चारसहा उबळी येतात आणि जमिनीवर एक ओली, करड्या रंगाची, बोटाएवढी वळकटी पडते. मनी ती एकदा हुंगते आणि काही घडलेच नाही अशा थाटात निघून जाते. आजी म्हणते, "उंदीर खाल्ला असेल मेलीने." धाकट्या भावाला ती मेलेली खार वाटते. आई फक्त एवढेच विचारते, "हे पुसणार कोण?"

पुसण्यापूर्वी एक काम करा. काडीने ती वळकटी उकलून पाहा. तिच्यात उंदीर नाही आणि खारही नाही. आहेत ते मनीचे स्वतःचेच केस, थोडा लाळेसारखा चिकट द्रव आणि कधीकधी गवताचे एखादे पाते. याला आपण केसांचा गोळा म्हणतो. पण तो क्वचितच गोल असतो. जठरात तो गोळ्यासारखा असतो खरा, मात्र अरुंद अन्ननलिकेतून वर येताना दाबला जाऊन लांबट होतो. पिठाचा गोळा सोऱ्यातून दाबला की शेव होते, तसेच हे.

हे केस पोटात जातात कसे, पचत का नाहीत आणि त्यावर खर्चात न पडता काय करता येईल, हे आज पाहू. यातला शेवटचा प्रश्न मला जरा जिव्हाळ्याचा आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

जीभ की फणी?

मांजराने कधी तुमचा हात चाटला असेल तर ती जीभ किती खरखरीत असते हे तुम्हांला ठाऊकच आहे. पॉलिश कागद हातावरून फिरवावा तसे वाटते. त्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाच्या दिशेने वळलेले असतात. हे काटे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. आपली नखे, मांजराच्या नख्या, गाईची शिंगे आणि साऱ्यांचे केस हे त्याच प्रथिनाचे.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत अ‍ॅलेक्सिस नोएल नावाची एक संशोधक होती. तिच्या मांजराची जीभ एकदा मऊ पांघरुणात अडकून बसली. आपण असतो तर जीभ सोडवून पांघरूण धुवायला टाकले असते. तिने मात्र मांजराच्या जिभेचाच अभ्यास सुरू केला. डेव्हिड हू यांच्यासह तिने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की घरगुती मांजरापासून सिंह-वाघांपर्यंत साऱ्यांच्या जिभेवरील या काट्यांच्या टोकाला एक इवलीशी पन्हळ असते. तोंडातली लाळ या पन्हळीत आपोआप चढते आणि काटा केसांत शिरला की ती थेट कातडीपर्यंत पोचते. घरगुती मांजराच्या जिभेवर असे सुमारे ३०० काटे असतात. तेव्हा ही जीभ म्हणजे पाण्याची सोय असलेली फणीच होय. मांजर तिने अंगावरची धूळ, पिसवा आणि गळलेले केस काढते. लाळ सुकताना अंगही थंड होते.

पण या फणीत एक अडचण आहे. आपल्या फणीत गुंतलेले केस आपण बोटांनी काढून टाकतो. मांजराने काय करावे? काटे घशाकडे वळलेले असल्यामुळे जिभेवर आलेला केस पुढे थुंकता येत नाही. तो मागेच सरकतो. म्हणून मांजर आपले गळलेले केस रोज, दिवसभर, गिळत असते. निरोगी मांजराचेही असेच चालते.

केस पचत का नाही?

केस हे प्रथिन आहे, मांसही प्रथिनच आहे. मग मांजराला मासळी पचते आणि केस का पचत नाही?

प्रथिनाचा रेणू म्हणजे अ‍ॅमिनो आम्लांची लांब साखळी. केराटिनमध्ये सिस्टीन नावाचे अ‍ॅमिनो आम्ल भरपूर असते आणि त्यात गंधकाचा अणू असतो. केस जळला की जो उग्र वास येतो, तो मुख्यतः या गंधकामुळे. शेजारशेजारच्या दोन साखळ्यांतील गंधकाचे अणू एकमेकांचा हात धरतात. असे असंख्य बंध झाले की साऱ्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या जखडल्या जातात. पाचक रसांतील विकरे साखळी कापण्यात वाकबगार असतात, पण कापण्याच्या जागेपर्यंत त्यांना पोचताच येत नाही. जठरातले आम्लही हे बंध तोडू शकत नाही. त्यामुळे केस जसा आत गेला तसाच राहतो.

हे बंध तोडणारे प्राणी जगात आहेत. लोकरीच्या स्वेटरला भोके पाडणाऱ्या कसरीच्या अळीचे उदाहरण घ्या. तिच्या आतड्यातील रसायने गंधकाचे हे बंध सोडवतात आणि मग विकरे आपले काम करतात. तुमचा स्वेटर तिला पचतो, मनीला स्वतःचा केस पचत नाही!

न पचलेल्या केसाने खरे तर अन्नाबरोबर आतड्यात जावे आणि विष्ठेवाटे बाहेर पडावे. बहुतेक केस तसेच पडतातही. माणसाच्या आणि कुत्र्याच्या जठरात यासाठी एक झाडूवाला असतो. पोट रिकामे असताना दर दीडदोन तासांनी जठरापासून आतड्याकडे आकुंचनाची एक जोरदार लाट जाते आणि मागे राहिलेला कचरा पुढे लोटते. मांजराच्या पोटातील या लाटा वेगळ्या प्रकारच्या आणि कमी जोराच्या असतात. त्यामुळे काही केस जठरातच रेंगाळतात, एकमेकांत गुंततात आणि न्हाणीघराच्या मोरीत होतो तसा गुंता होतो. तो मोठा झाला की पुढच्या अरुंद दारातून जाईनासा होतो. मग उरतो तो आल्या वाटेने परतण्याचा मार्ग.

मांजराला उलटी करता येते हे त्याचे भाग्य. सशालाही अंग चाटण्याची सवय असते, पण त्याला उलटी मुळीच करता येत नाही. वासरे एकमेकांना चाटतात, त्यांच्या पोटात केसांचे गोळे तयार होतात आणि ते तिथेच फिरत फिरत गुळगुळीत चेंडूसारखे होतात. उलट, घुबडाने उलटी हा नित्याचा व्यवहारच करून टाकला आहे. ते उंदीर अख्खा गिळते आणि नंतर केस व हाडे यांची नीट बांधलेली गोळी ओकून टाकते. घुबडाच्या झाडाखाली अशा गोळ्या सापडतात; त्या उकलून त्याने काय काय खाल्ले हे ओळखता येते.

माणसाच्या पोटातही असा गोळा होऊ शकतो. फ्रान्समध्ये १७७९ साली सोळा वर्षांच्या एका मुलाच्या पोटात तो आढळल्याची नोंद आहे. काही मुलामुलींना वेणीचे टोक चघळण्याची किंवा केस उपटून खाण्याची सवय लागते. ते केस आपल्यालाही पचत नाहीत आणि कधीकधी शस्त्रक्रिया करून काढावे लागतात. तुमच्या ओळखीत कुणाला अशी सवय असेल तर तिची थट्टा करू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायला मदत करा. ती मोडता येते.

चमचाभर तेलाची गोष्ट

आता मघाशी सांगेन म्हटले ते सांगतो. मी आठवीत असताना आमच्याकडे चिंगी नावाची तिरंगी मांजर होती. ती दोन दिवस उबळत होती, पण पडत काहीच नव्हते. शेजारच्या काकांनी सांगितले, "पोटात केस अडकलेत. तेल पाज, घसरून पडतील." घरात आजोबांच्या बद्धकोष्ठासाठी आणलेली लिक्विड पॅरॅफिनची बाटली होती. मी चिंगीला टॉवेलात गुंडाळले, तिचे तोंड उघडले आणि चमचाभर तेल आत ओतले. ती धडपडलीही नाही. मला वाटले, किती शहाणी! दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. पाचव्या दिवशी ती गेली. केस अडकल्यामुळेच गेली, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

तिच्या घशात त्या दिवशी काय झाले असावे, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पशुवैद्यांशी बोलताना कळले. लिक्विड पॅरॅफिनला चव नाही, वास नाही. श्वासनलिकेत पाणी गेले तर आपल्याला ताबडतोब ठसका लागतो. पण हे तेल इतके सौम्य असते की ठसकाही लागत नाही. जबरदस्तीने ओतलेल्या तेलातील काही भाग सरळ फुप्फुसात उतरू शकतो. ते खनिज तेल असल्यामुळे शरीराला त्याचे विघटन करता येत नाही. तिथे दाह होतो आणि एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. म्हणून हे तेल मांजराच्या तोंडात कधीही ओतू नये. दुकानात याच जातीच्या घट्ट मलमासारख्या, गोडसर चवीच्या नळ्या मिळतात. मांजर ते मलम स्वतः चाटून खाते म्हणून त्यात धोका कमी. पण त्या नळ्या महाग असतात, त्यांचा उपयोग किती होतो याचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि सतत दिल्यास मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे नीट शोषली न जाण्याची भीती असते.

मग साजूक तूप? लोणी? खोबरेल? हे उपाय तुम्हांला हमखास कोणीतरी सांगेल. पण विचार करा. तूप हे अन्न आहे. पित्तरस त्याचे बारीक थेंब करतो, विकरे ते फोडतात आणि लहान आतड्यात ते शोषले जाते. वंगण म्हणून ते फार लांब टिकतच नाही. शिवाय स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की जठराला 'जरा सावकाश' असा निरोप जातो आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. म्हणजे केस पुढे ढकलायचे असताना आपण गाडीला ब्रेक लावतो! तुपाने मनी खूश होईल आणि लठ्ठही होईल, एवढेच.

तरीही तूप चाटवल्यावर 'गुण आला' असे पुष्कळ लोक प्रामाणिकपणे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. गोष्ट अशी आहे की गोळा एकदा पडला की पुढचा तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. आपण उपाय करतो तो गोळा पडल्यावर, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा काहीही न करता पुढचे काही दिवस शांततेतच जायचे असतात. त्या वेळी तूप चाटवा, अंगारा लावा किंवा पाढे म्हणा; गुण येणारच.

पोटातल्या गोळ्यांचा आणि अशा गैरसमजांचा संबंध जुना आहे. रानशेळ्यांच्या पोटात सापडणारे दगडासारखे गोळे विषावर उतारा म्हणून एकेकाळी सोन्याच्या भावाने विकले जात. फारसीत त्यांना 'पादजहर', म्हणजे विष हटवणारा, असे नाव होते. सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट पंथीयांनी तर असे कृत्रिम गोळे बनवले. खऱ्या गोळ्यांची पूड, कस्तुरी, रत्नांचे चूर्ण वगैरे कालवून वरून सोन्याचा वर्ख. ते 'गोवा दगड' या नावाने युरोपात नक्षीदार सोन्याच्या डब्यांतून मिरवत आणि आजही तिथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, फ्रान्सच्या राजाचा शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याने हा दावा तपासून पाहिला. चोरीसाठी फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि त्यावर हा गोळा, असे दोन्ही देण्यात आले. उतारा चालला तर सुटका होणार होती. बिचारा काही तासांतच तडफडून मेला. प्रयोग म्हणून तो क्रूर होता, आज कोणी तसा विचारही करणार नाही. पण गोळ्याची कीर्ती तपासल्याशिवाय मानायची नाही, हे पारे याला सुचले होते.

फणी, पाणी आणि थोडा चोथा

केसांच्या गोळ्यावरचा खरा स्वस्त उपाय पोटात नसून पोटाबाहेर आहे. जो केस फणीत आला तो पोटात जाणार नाही, इतके हे सोपे गणित. बाजारात मांजरांसाठी म्हणून शेकडो रुपयांचे ब्रश मिळतात. त्यांची गरज नाही. आखूड केसांच्या आपल्या गावठी मांजराला, उवा काढायला वापरतात ती बारीक दातांची फणी उत्तम. मात्र ती मांजरासाठी वेगळी ठेवा. लांब केसांच्या पर्शियन मांजराला आधी रुंद दातांचा कंगवा आणि मग फणी.

सुरुवात गालांपासून आणि मानेपासून करावी, कारण तिथे खाजवलेले मांजराला आवडते. केसांच्या दिशेनेच फणी फिरवायची, उलटी नाही. पाठीवरून शेपटीकडे जा. पोटाला सगळ्यांत शेवटी हात लावा आणि शेपूट आपटू लागली की त्या दिवसापुरते थांबा. पहिल्या दिवशी एक मिनिट पुरे. रोज पाच मिनिटांपर्यंत गेलात तर खूप झाले. फणी पाहताच पळणारे मांजर असेल तर दोन्ही तळवे ओले करून त्याच्या अंगावरून फिरवा. सुटे केस ओल्या तळव्यांना चिकटून येतात. यासाठी तर फणीचाही खर्च नाही. लांब केसांत गाठी झाल्या असतील तर त्या कात्रीने कापायला जाऊ नका. मांजराची कातडी सैल आणि पातळ असते, ती गाठीबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते.

फणी करताना आणखी एक गोष्ट पाहायची आहे. फणीत काळे, मिरपुडीसारखे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर किंवा टीपकागदावर ठेवा. साधी माती असेल तर फक्त ओली होईल. कणाभोवती तांबूस वलय पसरले तर ती पिसवांची विष्ठा आहे. म्हणजे मांजराचेच पचलेले रक्त! हा शोध महत्त्वाचा, कारण पिसवा चावल्या की खाज सुटते, खाज सुटली की मांजर जास्त चाटते, जास्त चाटले की जास्त केस गिळते. अशा वेळी गोळ्यावर औषध शोधणे म्हणजे छप्पर गळत असताना नुसती जमीन पुसत बसणे. पिसवांच्या अंड्यांचा आणि अळ्यांचा मोठा भाग मांजराच्या अंगावर नसून त्याच्या अंथरुणात आणि फरशीच्या फटींत असतो. म्हणून गोणपाट किंवा चादर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवणे आणि कोपरे झाडून काढणे हा उपचाराचाच भाग आहे. पिसू गिळल्याने मांजराला पट्टकृमीही होतात, तेव्हा फायदा दुहेरी.

इथे एक धोक्याची सूचना. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरची पावडर किंवा औषध मांजराला लावू नका. त्यांपैकी कित्येकांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याचे यकृत ते निकामी करून टाकते. मांजराच्या यकृताला ते जमत नाही आणि मांजर झटके येऊन मरू शकते. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला अशीच जीवघेणी आहे. अर्धीसुद्धा देऊ नये.

आता पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांना लागणारे पुष्कळसे पाणी भक्ष्याच्या मांसातूनच मिळे, म्हणून घरच्या मांजरालाही फारशी तहान लागत नाही. त्याला नुसते कोरडे खाद्य दिले तर आतड्यातला मळ कोरडा होतो आणि केस त्यात अडकून पुढे सरकत नाहीत. कोरड्या खाद्यावर कोमट पाणी घाला, मासळी किंवा कोंबडी उकडलेले पाणी द्या (मीठ, मसाला आणि विशेषतः कांदा-लसूण न घालता, कारण कांद्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात), पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून दूर ठेवा. 'आम्ही दूध देतो की!' असे तुम्ही म्हणाल. पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि हगवण लागते. नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगवणे हे तर मुळातच चूक, कारण ते मांसाहारी आहे आणि त्याला लागणारे टॉरिन मांस-मासळीतूनच मिळते.

चोथ्याचे काय? वनस्पतींचा न पचणारा तंतुमय भाग केसांना धरून पुढे नेण्यास मदत करतो असे दिसते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१४ साली उसाच्या चोथ्याचे बारीक पीठ मांजराच्या खाद्यात मिसळून पाहिले, तेव्हा विष्ठेत आढळणारे केसांचे गोळे कमी झाले. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आवारात ज्याचे डोंगर पडतात तोच हा चोथा! अर्थात गुऱ्हाळावरचा चोथा आणून मांजराला चारू नका. तो खरखरीत असतो, आणि तिथे तो दळून, मोजून खाद्यात घातला होता. घरी करता येण्याजोगे म्हणजे उकडून कुस्करलेला लाल भोपळा अर्धा चमचा जेवणात मिसळणे, किंवा पशुवैद्यांना विचारून चिमूटभर इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून देणे. कोरडे इसबगोल कधीच नाही. ते का, हे पाहायचे असेल तर चमचाभर इसबगोल पेल्यात घालून त्यावर थोडेसे पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पेला उलटा करा.

गवताविषयी मात्र मला नीटसा निर्णय देता येत नाही. मांजर गवत खाते ते 'पोट साफ करण्यासाठी' असे आपण म्हणतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर मांजरवाल्यांना विचारले, तेव्हा गवत खाणे अगदी सर्रास असल्याचे दिसले, पण त्यानंतर उलटी होते असे सांगणारे थोडेच निघाले. त्यांच्या मते ही रानटी पूर्वजांकडून आलेली, आतड्यातले जंत बाहेर लोटण्याची सवय असावी. ते काहीही असो, मनीला पाने कुरतडायची हौस असेल तर तिला बिनधोक गवत मिळावे. घटस्थापनेला आपण परडीत माती घालून गहू पेरतो ना, तसेच एका करवंटीत मूठभर गहू पेरा. आठवड्याभरात हिरवे पाते वर येते. याचा खरा फायदा असा की मग ती शोभेच्या झाडांच्या वाटेला कमी जाते. लिलीच्या जातीची झाडे मांजरासाठी भयंकर विषारी आहेत. त्यांचे पान, फूल किंवा नुसते परागकणही मूत्रपिंडे निकामी करतात. मांजराच्या घरात लिली नकोच.

घरच्या उपायांनी थांबायचे कधी?

आखूड केसांच्या मांजराने वर्षातून चार-दोन वेळा गोळा टाकला आणि नंतर ते जेवले-खेळले, तर काळजीचे कारण नाही. लांब केसांच्या मांजराला थोडे अधिक वेळा होते. पण दर आठवड्याला गोळा पडू लागला, तर एक तर ते फार केस गिळत आहे किंवा त्याची आतडी नीट काम करत नाहीत. दोन्हींची कारणे शोधावी लागतात.

उबळी येत राहिल्या आणि काहीच पडले नाही, खाणे सुटले, विष्ठा होईना, पोट ताठ लागू लागले, मांजर कोपऱ्यात जाऊन बसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो; किंवा मांजराने सुईदोरा, मांजा गिळलेला असू शकतो. तोंडाबाहेर दोरा दिसला तरी ओढू नका, आत आतडे कापले जाते. लठ्ठ मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून तेही जिवावर बेतते, म्हणून 'उद्या खाईल' असे म्हणत बसू नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईगुरांप्रमाणे मांजरही तपासतात आणि तिथला खर्च बेताचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणखी एक फसवी गोष्ट. मांजराला दमाही होतो. दम्याचे मांजर जमिनीलगत दबून, मान पुढे ताणून खोकते. पाहणाऱ्याला वाटते, केस अडकले. खोकून झाले की ते एक आवंढा गिळते. बाहेर काही पडत नाही. मला आता वाटते, चिंगीचे ते दोन दिवसांचे उबळणे कदाचित हेच असेल. दवाखान्यात नेल्यावर मांजर काही मागणीप्रमाणे खोकून दाखवत नाही. तेव्हा घरात मोबाईल असेल तर त्या खोकण्याचे चित्रण करून ठेवा आणि ते पशुवैद्यांना दाखवा. त्याचा त्यांना फार उपयोग होतो.

करून पाहा

आता एक प्रयोग. दोन बाटल्या घ्या. एकीत व्हिनेगर आणि दुसरीत साधे पाणी भरा. दोन्हींत फणीतून निघालेल्या केसांची सारखी झुबके टाका. व्हिनेगरच्या बाटलीत अंड्याच्या कवचाचा एक तुकडाही टाका. कवच विरघळू लागलेले तुम्हांला लगेच दिसेल. केसाचे काय होते ते महिनाभर पाहत राहा. जठरातले आम्ल व्हिनेगरपेक्षा पुष्कळ तीव्र असते, हे ध्यानात ठेवा.

दुसरा प्रयोग लांब मुदतीचा आहे आणि त्याला चिकाटी लागते. रोजच्या फणीतले केस एका पाकिटात साठवा आणि दर रविवारी वजन करा. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू मिळाला तर उत्तम. वहीत चार रकाने करा: तारीख, केसांचे वजन, गोळा पडला की नाही, आणि त्या आठवड्यातली हवा. पहिले तीन महिने फणी एक दिवसाआड करा, पुढचे तीन महिने रोज. पंधरवड्याच्या नोंदींवरून काहीही ठरवू नका. ज्या मांजराला दोन महिन्यांतून एकदा गोळा होतो त्याच्याबाबत पंधरवडा म्हणजे काहीच नव्हे. एकाच मांजरावरूनही काही ठरत नाही. आणि फणी बदलताना नेमका ऋतूही बदलला तर? उन्हाळ्याच्या तोंडी केस जास्त गळतात. तेव्हा वर्गातल्या पाचसहा मांजरवाल्या मुलांनी मिळून नोंदी ठेवाव्या. निम्म्यांनी आधी रोज फणी करावी आणि निम्म्यांनी नंतर. शिक्षकांनी त्या वह्या महिन्यातून एकदा तपासल्या तर मुलांचा उत्साह टिकेल. ज्यांच्याकडे पर्शियन मांजर आहे त्यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण त्यांच्या एका पाकिटात बाकी साऱ्यांच्या पाकिटांइतके केस भरतील.